लाल औषध आणि हृदयावरील पहारा

इटलीच्या नकाशाला बुटाची उपमा देण्याची जुनी रीत आहे. त्या बुटाच्या टाचेकडचा प्रदेश म्हणजे अपुलिया. तेथील एका उघड्या टेकडीवर सम्राट दुसरा फ्रेडरिक याने तेराव्या शतकात बांधविलेला एक अष्टकोनी किल्ला आजही उभा आहे. कास्तेल देल मोन्ते, म्हणजे डोंगरावरचा किल्ला, हे त्याचे नाव. किल्ल्याला कोन आठ, बुरूज आठ आणि प्रत्येक मजल्यावर दालनेही आठच. इतिहासाचे अभ्यासक तो कशासाठी बांधला यावर वाद घालीत असतात. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास मिलान शहरातील फार्मितालिया या औषधी कंपनीच्या संशोधकांना किल्ल्यापेक्षा त्याच्या आसपासच्या मातीत अधिक रस होता. त्या मातीत त्यांना एक सूक्ष्मजीव सापडला. तो एक तांबडाभडक रंग तयार करीत असे, आणि त्या रंगात कर्करोगाच्या पेशी मारण्याची शक्ती होती.

माती तपासून औषध शोधण्याची कल्पना त्या काळी नवी नव्हती. सेल्मन वाक्समन यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत मातीतल्याच सूक्ष्मजीवांपासून १९४० साली ॲक्टिनोमायसिन आणि पुढे तीनच वर्षांनी स्ट्रेप्टोमायसिन मिळाले होते. स्ट्रेप्टोमायसिनने क्षयरोगावर मात केल्यावर जगभरच्या औषधी कंपन्यांची माणसे गावोगावची माती पुड्यांत बांधून प्रयोगशाळांत नेऊ लागली. कर्करोगावर औषध असू शकते, हा विश्वासही नुकताच जन्मास येत होता. १९४८ साली बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने मरणपंथास लागलेल्या मुलांना ॲमिनॉप्टेरिन दिले आणि काही मुलांचा रोग काही काळ तरी हटला. ते औषध ज्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळांत तयार झाले, तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी माहीत नाही, म्हणून येथे नमूद केली आहे. सुब्बाराव त्याच वर्षी वारले.

किल्ल्याजवळच्या त्या सूक्ष्मजीवाला अपुलियातील प्राचीन प्युसेटी लोकांवरून ‘स्ट्रेप्टोमायसिस प्युसेशियस’ असे नाव मिळाले. औषधाच्या नावात त्याच भागातील डौनी नावाची दुसरी रोमनपूर्व जमात आली. त्याच सुमारास फ्रान्समधील संशोधकांनाही हेच द्रव्य स्वतंत्रपणे सापडले होते. त्यांनी माणकाला फ्रेंच भाषेत जो ‘रुबी’ शब्द आहे, त्यावरून आपले नाव ठेविले होते. दोन्ही नावांची सांगड घालून डौनोरुबिसिन हे नाव रूढ झाले. त्यातील ‘रुबी’चे लॅटिन मूळ आणि आपल्या संस्कृतातील ‘रुधिर’ हे शब्द भाषाशास्त्राच्या दृष्टीने सख्खे भाऊ आहेत. पुढे जे घडले ते पाहता, रक्ताचे नाव या औषधाच्या कपाळी आधीच लिहिले होते असे कोणास वाटले तर त्यात नवल नाही.

१९६० नंतरच्या दशकात रक्ताच्या तीव्र कर्करोगावर डौनोरुबिसिनचे प्रयोग सुरू झाले. परिणाम थक्क करणारा होता. इतर औषधांना दाद न देणारा रोग या औषधापुढे मागे हटू लागला. पण त्याबरोबर एक विचित्र गोष्ट दिसू लागली. रक्त शुद्ध होत आलेले असताना काही मुलांना धाप लागे, पायांवर सूज येई, यकृत वाढे, नाडी वेगाने धावू लागे. कर्करोग हटला आणि हृदय थकले, असा तो प्रकार होता. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत मुलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर शार्लट टॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६७ साली या औषधाचा जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात हृदयावरील या आघाताची नोंद आहे. तोपर्यंत कर्करोगाच्या औषधांचे उपद्रव म्हणजे केस गळणे, उलट्या होणे, रक्तातील पेशी घटणे एवढेच ठाऊक होते. केस पुन्हा उगवतात, रक्तपेशी पुन्हा तयार होतात. हृदयाचा स्नायू मात्र तसा नाही. प्रौढ माणसाच्या हृदयातील पेशींची नव्याने भर जवळजवळ पडतच नाही. तेथे जे गेले ते बहुधा कायमचेच गेले.

मिलानच्या संशोधकांनी दरम्यान त्याच सूक्ष्मजीवाचा एक बदललेला वंश प्रयोगशाळेत निर्माण केला. त्याने दिलेल्या द्रव्याच्या रेणूत केवळ एका प्राणवायूच्या अणूची भर होती. पण तेवढ्या फरकाने औषधाची व्याप्ती पार बदलली. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन म्हणू लागले. शास्त्रीय नाव डॉक्सोरुबिसिन. स्तनाचा कर्करोग, लसिकाग्रंथींचा कर्करोग, हाडांचा कर्करोग, अशा कितीतरी व्याधींत ते लागू पडले. १९७४ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. शिरेतून जाणारे ते तांबडे औषध पाहून इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांनी त्याचे ‘लाल सैतान’ असे नाव पाडले. नाव कठोर आहे, परंतु या सैतानाने वाचविलेल्या माणसांची गणती करणे अवघड आहे. आजही ते जगातील कर्करोगाच्या प्रमुख औषधांत मोडते.

मग हृदयाचे काय करावयाचे?

पहिला उपाय सुचला तो वाण्याच्या तराजूचा. किती औषध दिले म्हणजे हृदय बिघडते, ते मोजावे आणि त्याच्या आत थांबावे. हे औषध शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे अमुक मिलिग्रॅम, या मापाने देतात. एका खेपेची मात्रा लहान असते, पण खेपा होत जातात तसतशी बेरीज वाढत जाते, आणि हृदय जणू ती बेरीज विसरत नाही. १९७३ साली लेफ्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एड्रियामायसिन घेतलेल्या ३९९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ११ जणांना हृदयाचा तीव्र अशक्तपणा आला आणि त्यांतील ८ जण तीन आठवड्यांच्या आत दगावले. एकूण बेरीज ५५० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की धोका एकाएकी वाढतो, असे दिसून आले. तेव्हापासून ५५० हा आकडा कर्करोगाच्या वॉर्डात लक्ष्मणरेषेसारखा झाला.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे त्या वेळी कमी लक्ष गेले. ४५ रुग्णांच्या कार्डिओग्राममध्ये बदल दिसले होते, पण ते आले आणि गेले. लायडनच्या आइन्टहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेले हे यंत्र हृदयातील विजेचा आलेख काढते. स्नायूची शक्ती किती उरली आहे, हे त्यावरून समजत नाही. घरातील दिवे लागतात म्हणून घराच्या भिंती पक्क्या आहेत असे म्हणता येत नाही, तशातलाच हा प्रकार. हृदयावर पहारा ठेवावयाचा तर दुसरे साधन हवे होते.

शिवाय ती लक्ष्मणरेषाही दिसते तेवढी सरळ नव्हती. १९७९ साली व्हॉन हॉफ आणि सहकाऱ्यांनी सुमारे ४,००० रुग्णांच्या नोंदी चाळल्या. त्यांच्या हिशेबाप्रमाणे ४०० मिलिग्रॅमला शंभरांत ३, ५५० ला ७ आणि ७०० ला १८ जणांना हृदयाचा अशक्तपणा येण्याचा संभव होता. म्हणजे येथे कडा नव्हता, उतार होता. ५४० वर निर्धास्त आणि ५६० वर संकट, असे काही नसते. वयस्कर माणूस, लहान मूल, पूर्वी छातीवर किरणोपचार झालेला रुग्ण, रक्तदाबाचा रुग्ण यांचा पाय उतारावर आधीच घसरतो. उलट कित्येक जणांचे हृदय ५५० च्या पलीकडेही शाबूत राहते. अशा माणसाचे औषध केवळ आकड्याकडे पाहून बंद करणे म्हणजे त्याला कर्करोगाच्या स्वाधीन करणेच होय. डॉक्टरांना खरा घोर होता तो या दुसऱ्या चुकीचा. पुढे २००३ साली स्वेन आणि सहकाऱ्यांनी अधिक काटेकोर पाहणी केली तेव्हा हे आकडे फारच सौम्य होते असे निघाले: ४०० ला शंभरांत ५, ५५० ला २६ आणि ७०० ला ४८. तीस वर्षे ज्या रेषेच्या आत पुष्कळांना सुरक्षित वाटत होते, त्या रेषेवर दर चौथा माणूस धोक्यात होता.

प्रत्येक रुग्णाचे हृदय निराळे, तेव्हा प्रत्येकाच्या हृदयाकडेच पाहिले पाहिजे, हे १९७० नंतरच्या दशकात स्पष्ट होत गेले. पण धडधडणाऱ्या हृदयात डोकवावयाचे कसे?

सर्वांत धीट उत्तर जपानमधून आले होते. साकाकिबारा आणि कोन्नो यांनी १९६२ साली शिरेतून हृदयात एक बारीक चिमटा सरकवून स्नायूचा कणभर तुकडा काढण्याची युक्ती प्रसिद्ध केली होती. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे हृदयरोपणाच्या रुग्णांवर ती सुधारून वापरात आली. तेथील विकृतिशास्त्रज्ञ मार्गारेट बिलिंगहॅम यांनी मग एड्रियामायसिन घेणाऱ्या रुग्णांच्या हृदयाचे असे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींत पोकळ फुगे झालेले, आकुंचन करणारे तंतू नाहीसे झालेले, असे दृश्य त्यांना दिसले. किती पेशी अशा झाल्या आहेत त्यावरून त्यांनी १९७८ साली प्रतवारी लावून दिली. या परीक्षेने एक सत्य उघडे केले आणि ते अस्वस्थ करणारे होते. रुग्ण चालतो, बोलतो, जिने चढतो, छातीत त्याला काही होत नाही. तरीही त्याच्या हृदयातील पेशी आतून पोखरल्या गेलेल्या असतात. हृदयाची शिल्लक मोठी असते. काही पेशी गेल्या तर उरलेल्या पेशी त्यांचे काम ओढतात. शिल्लक संपेपर्यंत बाहेर काहीच कळत नाही. वाळवी लागलेल्या वाशासारखे ते असते.

पण दर दोन-चार आठवड्यांनी कोणाच्या हृदयाचा तुकडा काढीत बसणे शक्य नव्हते. तेव्हा अणुवैद्यकाची मदत झाली. टेक्नेशियम नावाचे एक मूलद्रव्य आहे. १९३७ साली सिसिली बेटावरील पालेर्मो येथे एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिएर यांनी ते शोधले. हा या कथेतील इटलीचा आणखी एक धागा. त्याचा एक अल्पायुषी किरणोत्सर्गी प्रकार रक्तात मिसळला की बाहेर ठेवलेल्या कॅमेऱ्याला हृदयाचा डावा खालचा कप्पा भरताना आणि रिकामा होताना दिसतो. भरलेल्या कप्प्यातील शंभर भाग रक्तापैकी किती भाग एका ठोक्यात बाहेर ढकलले गेले, त्याचा आकडा काढता येतो. निरोगी माणसात तो साधारणपणे ५५ ते ७० च्या दरम्यान असतो. या आकड्याला उत्क्षेप-प्रमाण म्हणावे. डॉक्टरांच्या बोलण्यात मात्र तो ‘इ. एफ.’ एवढाच असतो.

येल विद्यापीठातील वैद्यकांनी १९७९ साली ५५ रुग्णांची अशी पुनःपुन्हा तपासणी करून दाखविली. ज्यांचे हृदय पुढे खचले त्यांचे उत्क्षेप-प्रमाण आधीच चांगले खाली आलेले होते. आणि ज्यांचे असे खाली येताच औषध थांबविले त्यांचे हृदय पुढे खचले नाही. संकट येण्यापूर्वी त्याची चाहूल लागू शकते, हे प्रथमच सिद्ध झाले. त्यानंतर सात वर्षांच्या अनुभवाचा वृत्तान्त १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकूण १,४८७ रुग्ण होते. धोका अधिक असलेल्या रुग्णांपैकी ज्यांच्यावर नियमाप्रमाणे पहारा ठेविला गेला त्यांच्यात हृदयाचा अशक्तपणा शंभरांत ३ हून कमी जणांना आला. ज्यांच्या बाबतीत नियम पाळला गेला नाही त्यांच्यात सुमारे २१ जणांना. कागदावर नियम असणे आणि तो पाळला जाणे यांतील अंतर इतक्या स्पष्टपणे क्वचितच मोजले गेले असेल.

आज आपल्याकडे कोल्हापूर, बेळगाव, इंदूर, बडोदे अशा शहरांत ज्या तपासणीला नुसते ‘इको’ म्हणतात, तिचा जन्म याहून जुना आणि पुष्कळच गमतीदार आहे. स्वीडनमधील लुंड गावचे हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर यांना शस्त्रक्रियेपूर्वी हृदयाच्या झडपेची स्थिती जाणून घ्यावयाची होती. त्यांची गाठ पडली कार्ल हेल्मुट हर्ट्झ या तरुण पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाशी. जहाजाच्या पोलादी पत्र्यात कोठे चीर आहे का, हे श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीने तपासण्याचे यंत्र जवळच्या माल्मो बंदरातील गोदीत होते. हर्ट्झ यांनी ते पाहिले आणि स्वतःच्या छातीवर लावले. पडद्यावर हृदयाच्या ठोक्याबरोबर हलणारा प्रतिध्वनी दिसला. पुढे सीमेन्स कंपनीकडून उसने मिळालेल्या यंत्रावर २९ ऑक्टोबर १९५३ रोजी या दोघांनी हृदयाचा पहिला प्रतिध्वनी-आलेख घेतला. जहाजाच्या तपासणीचे यंत्र माणसाच्या हृदयाला लागू पडावे, हा योगायोग विलक्षण खरा. मात्र त्या हलत्या रेषांपासून हृदयाचे पुरते चित्र दिसण्यास आणि त्यावरून विश्वासाने उत्क्षेप-प्रमाण काढता येण्यास आणखी दोन-तीन दशके जावी लागली. इकोत किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, यंत्र खाटेजवळ नेता येते. साहजिकच कर्करोगाच्या रुग्णांवरील पहाऱ्याचे काम हळूहळू त्याच्याकडे आले.

दरम्यान एक जुना हिशेब नव्याने पुढे आला. लहानपणी रक्ताच्या कर्करोगातून वाचलेली मुले मोठी होऊ लागली होती. बोस्टनचे लिपशुल्ट्झ आणि सहकारी यांनी १९९१ साली अशा ११५ मुलांची हृदये तपासली. उपचार संपून काहींना वर्ष, तर काहींना पंधरा वर्षे झाली होती. निम्म्याहून अधिक, नेमके सांगावयाचे तर शंभरांत ५७ मुलांच्या हृदयात काही ना काही दोष आढळला. मूल वाढते, शरीर वाढते. पण औषधाने पेशी घटलेल्या हृदयाची भिंत त्या मानाने जाड होत नाही. औषध अगदी लहान वयात मिळाले असेल तर धोका अधिक, आणि मुलींना मुलांपेक्षा अधिक, असेही पुढे दिसून आले. उपचार संपला म्हणजे पहारा संपला, ही समजूत त्या दिवसापासून ढासळली.

किरणोपचारांची कथा स्वतंत्र आहे. हृदय किरणांना सहज बळी पडत नाही असे वैद्यक फार काळ मानीत आले होते. १९६० नंतरच्या दशकात स्टॅनफर्ड येथे, छातीवर किरण घेतलेल्या रुग्णांच्या हृदयाचे आवरण जाड झालेले आणि स्नायू कडक झालेले पाहिल्यावर ते मत बदलले. स्तनाच्या कर्करोगासाठी किरण घेतलेल्या स्त्रियांविषयी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डार्बी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, हृदयाला पोहोचणाऱ्या प्रत्येक ‘ग्रे’ मात्रेमागे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे गंभीर विकार शेकडा ७.४ ने वाढतात असे आढळले. म्हणून आता डाव्या बाजूवर किरण देताना रुग्णाला खोल श्वास घेऊन रोखून धरावयास सांगतात. फुप्फुस फुगते आणि हृदय किरणांच्या वाटेतून थोडे दूर सरते.

१९९८ साली एक अगदी निराळ्या जातीचे औषध आले, ट्रास्टुझुमॅब. स्तनाच्या कर्करोगाच्या काही पेशींवर जे एक विशिष्ट प्रथिन फार मोठ्या प्रमाणात असते, त्यालाच नेमके गाठणारे हे औषध. विषारी रंग नाही, केस गळणे नाही. बाण अगदी लक्ष्यावर, असे वाटत होते. पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मुख्य चाचणीत, एड्रियामायसिनच्या जातीच्या औषधाबरोबर ते दिलेल्या स्त्रियांपैकी शंभरांत २७ जणींच्या हृदयाला बाधा झाली होती. तेच लाल औषध ट्रास्टुझुमॅबविना घेतलेल्यांत ८ जणींच्या. चाचणी आखताना हे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. मागाहून उंदरांवरील प्रयोगांनी उलगडा केला. जे प्रथिन कर्करोगाच्या पेशीला वाढवीत होते, तेच हृदयाच्या पेशीला ताण सोसण्याचे बळ देत होते. बाण लक्ष्यावरच लागला होता, पण लक्ष्य दोन ठिकाणी होते.

सुदैवाने येथे एक फरक होता. लाल औषध पेशी मारते. हे औषध बहुतेक वेळा पेशीला केवळ थकविते. औषध थांबविले की पुष्कळ स्त्रियांचे हृदय काही आठवड्यांत सावरते, असे ह्यूस्टनच्या डॉक्टर युअर यांनी दाखविले. त्यामुळे दर तीन महिन्यांनी इको, आकडा घसरला तर औषध थांबवावयाचे, सावरला की पुन्हा सुरू, अशी शिस्त बसली. पुढे याहूनही धीट प्रश्न विचारला गेला. आकडा थोडा घसरला असताना हृदयाची औषधे देत कर्करोगाचे औषध चालूच ठेविले तर? २०१९ साली ३० रुग्णांच्या एका लहान चाचणीत २७ जणांनी अशा रीतीने आपला उपचार पुरा केला. संख्या लहान आहे, पण दृष्टी किती बदलली ते त्यावरून कळते. १९७३ साली पहाऱ्याचे काम ‘थांबा’ म्हणणे एवढेच होते. आता ते ‘कसे पुढे जावे’ हे सांगू लागले होते.

ही दृष्टी बदलण्यास मोठा हातभार लावला तो पुन्हा मिलान शहराने, जेथे या औषधाचा जन्म झाला होता त्यानेच. तेथील कर्करोग संस्थेत हृदयरोगतज्ज्ञ दानिएला कार्दिनाले यांनी एक साधी गोष्ट केली. हृदयाची पेशी फुटली की तिच्यातील ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी डॉक्टर तेच मोजतात. कार्दिनाले यांनी ते कर्करोगाच्या औषधाच्या प्रत्येक खेपेनंतर मोजले. इकोत काहीच दिसण्यापूर्वी, महिनोन्महिने आधी, रक्तात खूण उमटत होती. २००६ साली त्यांनी अशी खूण उमटलेल्या ११४ रुग्णांपैकी निम्म्यांना एनालाप्रिल हे रक्तदाबाचे जुने, स्वस्त औषध सुरू केले. त्यांची हृदये खचली नाहीत, ज्यांना ते दिले नाही त्यांच्यापैकी पुष्कळांची खचली. २०१० सालच्या त्यांच्या २०१ रुग्णांच्या पाहणीने तर काळाचे मोल अंकांतच मांडले. लाल औषधाचा उपचार संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत हृदयाचा उपचार सुरू झाला तर शंभरांत ६४ जणांचे हृदय पूर्ववत होई. सहा महिने उलटले तर कोणाचेच पूर्ण सुधारत नसे.

औषध हृदयाला नेमके कसे मारते, हे मात्र बराच काळ नीट कळले नव्हते. लोहाच्या साहाय्याने तयार होणारे दाहक कण हेच कारण, असे दीर्घकाळ मानले जाई. हृदयाचे रक्षण करणारे डेक्स्राझोक्सेन हे औषध १९९५ साली अमेरिकेत मान्य झाले, तेही लोह बांधून ठेवते म्हणूनच उपयोगी पडते असे मत होते. २०१२ साली ह्यूस्टनच्या संशोधकांनी दाखविले की, हृदयाच्या पेशीतील टोपोआयसोमरेज या वितंचकाचा एक विशिष्ट प्रकार काढून टाकला तर उंदराचे हृदय लाल औषधापुढे टिकते. कर्करोगाच्या पेशीत औषध त्याच घराण्यातील दुसऱ्या भावाला गाठते. दोघे वेगळे असल्यामुळे, एकाला मारून दुसऱ्याला वाचविणारे औषध कधीतरी तयार होण्याची आशा आहे.

पहाऱ्याची साधनेही निर्दोष नाहीत, हे सांगितलेच पाहिजे. साध्या इकोत एकाच माणसाचा आकडा निरनिराळ्या वेळी केवळ मोजण्याच्या चुकीने सुमारे १० अंकांनी वर-खाली होऊ शकतो, आणि धोक्याची घंटा वाजविण्यासाठी ठरविलेली घटही १० अंकांचीच आहे! म्हणून अलीकडे हृदयाच्या भिंतीतील बारीक ठिपक्यांची हालचाल यंत्राने टिपून स्नायू प्रत्येक ठोक्यास किती आखडतो, तेच मोजतात. ती मूळच्या मानाने शेकडा १५ हून अधिक घटली तर सावध व्हावयाचे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत या नव्या मापावर विसंबलेल्या रुग्णांपैकी हृदय बिघडलेले कमी निघाले. पण तीन वर्षांनी पाहता दोन्ही गटांतील उत्क्षेप-प्रमाणांत फरक राहिला नव्हता. नव्या साधनाचा गाजावाजा लवकर होतो, निकाल सावकाश येतो. शिवाय शत्रूही बदलत आहेत. शरीराची प्रतिकारशक्ती मोकळी सोडणाऱ्या नव्या औषधांनी क्वचित हृदयाच्या स्नायूला एकाएकी भयंकर दाह होतो, हे २०१६ साली दोन रुग्णांच्या मृत्यूने ध्यानात आले. येथे तिमाही इको पुरत नाही. पहिल्या काही आठवड्यांतच सावध असावे लागते.

युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली या विषयावरचा आपला पहिला समग्र नियमग्रंथ काढला. उपचारापूर्वीच प्रत्येक रुग्णाच्या हृदयाचा धोका अजमावा, हे त्यातील पहिले सूत्र आहे. मुंबईत १९४१ साली लेडी मेहेरबाई टाटा यांच्या मृत्यूच्या स्मृतीतून उभे राहिलेले टाटा स्मारक रुग्णालय आणि त्यानंतर देशभर झालेली कर्करोगाची रुग्णालये येथे इको, कार्डिओग्राम, ट्रोपोनिन ही सारी साधने आहेत. अडचण असते ती नंतरची. गोव्याहून, बेळगावहून वा माळव्यातून मुंबईस गेलेला रुग्ण उपचार संपताच गावी परततो, आणि त्याच्या हृदयाचा पुढचा हिशेब गावच्या डॉक्टरकडे येतो. लहानपणी लाल औषध घेतलेल्या माणसाची प्रकृती उत्तम असली, तरी धोक्याच्या मानाने दर दोन किंवा पाच वर्षांनी इको करावा, असे नियमग्रंथ सांगतो. अशी मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली तर त्या अवस्थेत हृदयावर पडणारा वाढीव भार लक्षात घेऊन तिचा इको अवश्य करावा, असेही सांगतो. तिला तपासणाऱ्या डॉक्टरला त्या वेळी एकच आकडा हवा असतो: लहानपणी तिला लाल औषध एकूण किती मिळाले. तो आकडा रुग्णालयाच्या घरी पाठविण्याच्या कागदावर, बहुधा शेवटच्या पानावर, कोठेतरी असतो. तो कागद घरात जपून ठेविला आहे की नाही, हा पुढचा प्रश्न.